आवाज नसलेली बॅट

टेबल टेनिसची बॅट म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे रबर येतं. एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला काळं. पण ही दोन्ही रबरं सोलून काढली की हातात जे उरतं, ती खरी बॅट. साधारण सहा मिलिमीटर जाडीची लाकडी फळी आणि तिला जोडलेली मूठ. आपल्याकडचे खेळाडू तिला ‘प्लाय’ म्हणतात. रबर झिजतं, वर्ष-सहा महिन्यांत बदलावं लागतं. प्लाय वीस-पंचवीस वर्षंही चालते. टेनिसची रॅकेट कधीच लाकडाची राहिली नाही, बॅडमिंटनची राहिली नाही, हॉकीची स्टिकही बदलली. टेबल टेनिसमध्ये मात्र आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियमच आहे, की या फळीच्या जाडीतला किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा हवा. उरलेल्यात हवं तर कार्बनचे तंतू घाला, काचेचे घाला, नाहीतर दाबलेला कागद घाला. कागदाचा उल्लेख नियमात वाचला तेव्हा मला, एका जुन्नरकराला, जरा गंमत वाटली. आमच्या जुन्नरचा हातकागद पेशवाईच्या दप्तरांत वापरला जाई. तो करणारे कागदी आता उरले नाहीत. ते असते, तर बॅटच्या धंद्यातही शिरले असते की काय, कोण जाणे.

माझी प्लाय गेल्या पावसाळ्यात उकलली. आमच्या पश्चिम पट्ट्यातला पाऊस कपाटात शिरतो, पुस्तकांत शिरतो, तसा तो लाकडाच्या थरांतही शिरला. कडेला आधी केसाएवढी फट दिसली, मग बोटाचं नख जाईल एवढी झाली. दोष कुणाचा नाही, तिचं वय झालं होतं. कॉलेजच्या दिवसांपासून ती माझ्या हातात होती. ‘तशीच दुसरी घ्या,’ असं सगळ्यांनी सांगितलं. सांगणाऱ्यांचं बरोबरच होतं. पण ‘तशीच’ म्हणजे कशी, हे ठरवता ठरवता मी थेट १९५२ सालच्या मुंबईपर्यंत मागे गेलो. आज बोलायचं आहे ते त्याविषयी.

पण त्याआधी मला ती ‘तशीच’ का हवी होती, हे सांगायला हवं. दर गुरुवारी मी घोडेगावला जातो. तिथे आमचे एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांनी आयुष्यभर भूमिती शिकवली. आमच्या तरुणपणी जुन्नर-आंबेगावात जी चार-पाच टेबलं होती, त्यांतल्या एका टेबलावर त्यांनी मला हा खेळ शिकवला. आता सर ऐंशीला टेकले आहेत आणि त्यांची नजर गेली काही वर्षं उतरणीला लागली आहे. पांढरा चेंडू त्यांना दिसतो, टेबलाची कड दिसते. टेबलापलीकडचं माझं मनगट मात्र दिसत नाही. मग ते खेळतात कसे? कानाने. चेंडू माझ्या बॅटवर आदळला की जो आवाज होतो, त्यावरून त्यांना कळतं, की मी जोरात मारला आहे, नुसता ढकलला आहे की खालून कापला आहे. माझ्या प्लायचा आवाज त्यांच्या ओळखीचा झाला होता. ती उकलल्यावर मी दुसऱ्याची बॅट घेऊन गेलो. नवी कोरी, महागडी, आत कार्बन असलेली. सरांचे दहांतले सात चेंडू चुकले. त्यांनी बॅट टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘‘आज राहू दे रे, कवी. तू काय करतोस ते मला कळतच नाहीये.’’

गुरुवार मोडतो की काय, अशी अवस्था आली. सरांना या वयात बाहेर पडण्यासाठी तेवढं एकच निमित्त उरलं आहे.

आता मुंबईकडे जाऊ.

हा खेळ इंग्लंडमध्ये जेवणाच्या टेबलावर सुरू झाला, तेव्हाची बॅट म्हणजे लांब दांड्याची छोटी डफली होती. दोन्ही बाजूंनी ताणलेलं चामडं, आत पोकळी. त्यावर सेल्युलॉइडचा चेंडू आपटला की ‘पिंग’ आणि टेबलावर पडला की ‘पाँग’. खेळाचं जुनं नावच मुळी आवाजावरून पडलेलं आहे. पुढे चामडं गेलं आणि साधी लाकडी फळी आली. मग १९०२च्या सुमारास त्या फळीवर बारीक पुटकुळ्यांचं रबर चिकटवलं गेलं. औषधाच्या दुकानात सुटे पैसे ठेवायला जी खरबरीत रबरी चटई असते, ती पाहून एका इंग्रज खेळाडूला ही कल्पना सुचली, असं सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, ती बॅट पुढची पन्नास वर्षं टिकली. लाकूड आणि त्यावर पुटकुळ्यांचं पातळ रबर, मध्ये काहीही नाही. हंगेरीच्या व्हिक्टर बार्नाने १९३०च्या दशकात जगज्जेतेपद पाच वेळा जिंकलं ते अशाच बॅटने. चेंडू लाकडाला जवळजवळ थेट भिडे आणि ‘टॉक्’ असा खणखणीत आवाज येई. त्या काळचे खेळाडू नुसतं पाहत नसत, ऐकतही असत. आवाजावरून चेंडूचा वेग कळे, फिरत कळे, आणि पाय आपोआप हलत.

१९५२च्या फेब्रुवारीत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत भरली. आशियात ती पहिल्यांदाच होत होती. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक नुकतीच आटोपत आलेली. जपानचा संघ या स्पर्धेत पहिल्यांदा उतरत होता. महायुद्ध संपून सात वर्षंही झाली नव्हती आणि जपानवरचा दोस्तांचा ताबा उठायला अजून दोन-अडीच महिने होते. त्या संघात हिरोजी सातो नावाचा एक किडकिडीत, चष्मा लावणारा खेळाडू होता. जपानमध्येही तो पहिल्या क्रमांकाचा समजला जात नव्हता. तो पेन धरल्यासारखी बॅट धरायचा आणि त्याच्या बॅटवर पुटकुळ्यांचं रबर नव्हतं. तिथे जाड स्पंज होता. गादीत असतो तसा.

त्या स्पंजवर चेंडू आदळला की आत रुतायचा आणि गोफणीतून सुटावा तसा सुटायचा. आणि आवाज? आवाज यायचाच नाही.

अमेरिकेचा मार्टी राइझमन हा तेव्हाचा अव्वल खेळाडू होता. स्पर्धा सुरू झाली त्या दिवशी त्याला बावीस वर्षं पूर्ण झाली. मनगटाचा बादशहा, बोलका, पैजा लावून खेळणारा. तो सातोपुढे हरला. राइझमनने पुढे आयुष्यभर या पराभवाबद्दल लिहिलं आणि सांगितलं. त्याची मुख्य तक्रार वेगाची नव्हती, आवाज नसण्याची होती. समोरच्याने चेंडू मारला आहे हे डोळ्यांना दिसतं आणि कान म्हणतात, अजून मारलेलाच नाही. या दोहोंच्या भांडणात पाय जागच्या जागी राहतात. इतर बड्या खेळाडूंचीही तीच गत झाली. अंतिम फेरीत सातोने हंगेरीच्या योझेफ कोचियानला हरवलं आणि पुरुष एकेरीचं अजिंक्यपद पहिल्यांदा आशियात आलं. जपानने त्या स्पर्धेत सातपैकी चार अजिंक्यपदं नेली. सातोच्या हाती मात्र एकेरीचं अजिंक्यपद पुन्हा कधी लागलं नाही. लोकांना त्या बॅटची सवय झाली आणि त्यांनी स्वतःही स्पंज घेतला. दोनच वर्षांनी, १९५४मध्ये, इचिरो ओगिमुरा स्पंजची बॅट घेऊनच लंडनमध्ये जगज्जेता झाला.

मला या प्रसंगाचं कुतूहल कवी म्हणूनही आहे. कविता आधी कानाला पटते, मग डोळ्यांना, हे आम्ही एकमेकांना सांगत असतो. मुंबईत फेब्रुवारीच्या त्या दहा दिवसांत जगातल्या उत्तमोत्तम खेळाडूंच्या लक्षात आलं, की आपणही बराचसा खेळ कानाने खेळत होतो. तोवर ते त्यांना ठाऊकच नव्हतं. एखादी गोष्ट गेल्याशिवाय ती होती हे कळत नाही, त्यातलाच हा प्रकार.

मग वाद झाले. काही देशांना स्पंज पूर्ण बंद हवा होता, काहींना मोकळीक हवी होती. अखेर १९५९मध्ये महासंघाने मधली वाट काढली. नुसता स्पंज बाद. स्पंजवर रबर चिकटवलेलं चालेल, पण दोन्ही मिळून जाडी चार मिलिमीटरच्या आत हवी. पुटकुळ्यांचं जुनं रबर चालेल, पण त्याखाली स्पंज नसेल तर ते दोन मिलिमीटरच्या आत. आजच्या सगळ्या बॅटी याच तडजोडीच्या लेकी आहेत. त्याच वर्षी डॉर्टमुंडमध्ये चीनचा रोंग ग्वोतुआन पुरुष एकेरी जिंकला. कुठल्याही खेळातला तो चीनचा पहिला जगज्जेता. पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

आवाजाचं भांडण मात्र तिथे मिटलं नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला काही चिनी खेळाडू बॅटच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या स्वभावांची, पण एकाच रंगाची रबरं लावत आणि खेळता खेळता बॅट हातात फिरवत. कुठल्या बाजूने चेंडू आला हे समोरच्याला दिसत नसे. तो मग आवाजावरून ओळखू लागला. त्यावर या मंडळींनी उतारा काढला. सर्व्हिस करताना जमिनीवर जोरात पाय आपटायचा, म्हणजे बॅटचा आवाज त्यात बुडून जातो! महासंघाने आधी पाय आपटणं बंद केलं, आणि १९८६पासून एक बाजू लाल, दुसरी काळी सक्तीची केली. २०२१पासून लालऐवजी काही इतर रंगही चालतात. बॅटचे ते दोन रंग शोभेसाठी आहेत असं वाटत असेल, तर त्यामागे ही कानाची कथा आहे.

स्पंज आल्यावर लाकडाचं महत्त्व संपेल असं कुणालाही वाटलं असतं. झालं उलटं. रबरं सगळ्यांना सारखी मिळू लागली, तेव्हा फरक उरला तो खालच्या लाकडात. जपान्यांनी हिनोकी वापरलं. मध्य जपानातल्या किसो खोऱ्यातलं हे झाड. त्याच लाकडाने इसे इथलं प्राचीन मंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. सरंजामी काळात किसोच्या जंगलात हिनोकीचं एक झाड तोडलं तर एक मुंडकं उडेल, असा दरारा होता. या लाकडाच्या अखंड, एकथरी, जवळजवळ एक सेंटिमीटर जाडीच्या बॅटी पेन धरल्यासारखं खेळणाऱ्यांसाठी होत. हळुवार हाताने खेळलं तर मऊ आणि ठोकलं तर तोफ, असा त्यांचा लौकिक. युरोपने वेगळा रस्ता धरला. स्वीडिश कारखान्यांनी पाच पातळ थर एकमेकांवर चिकटवले. एका थराचा रेषा उभा, दुसऱ्याचा आडवा. त्यामुळे फळी वाकडी होत नाही, फुटत नाही. अशा बॅटींच्या जोरावर स्वीडनने चीनला अनेक वर्षं घाम फोडला. १९८९मध्ये डॉर्टमुंडला पुरुष सांघिक अंतिम सामन्यात तर त्यांनी चीनचा ५-० असा धुव्वा उडवला.

माझी उकललेली प्लाय याच घराण्यातली होती. मी ती घेतली तेव्हा परदेशी बॅट दुकानात सहज मिळत नसे. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर निर्बंध होते, ते पुरते उठले २००१मध्ये. तोवर मेरठची नाहीतर जालंधरची बॅट घ्यायची, किंवा कुणी परदेशातून येणारा गाठायचा. माझी कुणाच्या तरी बॅगेतून, पायमोज्यांत गुंडाळून आली. पाच थर, बाहेरचे दोन लिंबाचे, आतला जाड गाभा आयुसचा.

‘लिंबा’ म्हणजे आपलं कडुलिंब नव्हे, हे आधी सांगतो. दुकानदारापासून मिस्त्रीपर्यंत सगळे तिथेच फसतात. ही दोन्ही झाडं पश्चिम आफ्रिकेतली. लिंबाचं शास्त्रीय नाव टर्मिनालिया सुपर्बा. हे नाव पाहून मी थबकलो. कारण आपला हिरडा म्हणजे टर्मिनालिया चेब्युला. बेहडा टर्मिनालिया बेलिरिका. ऐन, किंजळ, अर्जुन, सगळे याच कुळातले. भीमाशंकरच्या रानात, आंबेगाव आणि जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात आदिवासी कुटुंबं उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात, त्यावर त्यांच्या वर्षाच्या मिठामिरचीची सोय होते. त्या हिरड्याचा आफ्रिकेतला चुलतभाऊ इतकी वर्षं माझ्या हातात होता आणि मला पत्ता नव्हता.

हे कळल्यावर आमच्या जुन्नरच्या मिस्त्रींना चेव आला. ‘‘चुलतभाऊ चालतो, तर सख्खे का नाही चालणार?’’ म्हणाले. त्यांनी ऐनाचा तुकडा हातात घेऊन पाहिला आणि स्वतःच खाली ठेवला. ऐन फार जड. मग शिवणीचं लाकूड काढलं. शिवण हलकी, शहाणी, वाकत नाही. त्यांनी रंधा मारून आठ मिलिमीटरची एक सुरेख बॅट बनवली. सोनाराच्या काट्यावर तोलली तर शंभर ग्रॅमच्या वर गेली. माझी जुनी रबरं काढून भरली होती ८४ ग्रॅम. शिवणीच्या बॅटने चेंडू मारला की ‘थप्’ असा, भिंतीवर ओली माती फेकल्यासारखा आवाज येई. ती बॅट आता त्यांच्या दुकानात शोभेला टांगली आहे. बघायला खरंच देखणी आहे.

जुनी प्लाय पुन्हा चिकटवून पाहिली का, असं विचाराल. पाहिली. मिस्त्रींनी फटीत गोंद भरून शिकंज्यात दोन दिवस आवळून दिली. धरली छान. पण गोंद वाळला की काचेसारखा कडक होतो. फळी ताठ झाली, वजन वाढलं, आवाज चढला. लाकडाच्या फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. सहा मिलिमीटरची फळी साडेसहाची झाली तर ताठपणा सव्वापटीहून जास्त होतो. अर्धा मिलिमीटर म्हणजे पोस्टकार्डं दोन ठेवली एवढा फरक! डोळ्यांना दिसत नाही, पण हाताला पहिल्याच चेंडूला समजतो.

मग त्याच बनावटीची, त्याच नावाची नवी प्लाय मागवली. ती भरली ९१ ग्रॅम. थर तेच, झाडांची नावं तीच, पण झाड वेगळं. लाकूड कारखान्यात तयार होत नाही, रानात होतं. कुठलं झाड उतारावर वाढलं, कुठलं ओढ्याकाठी, कुठल्या वर्षी पाऊस कमी पडला, हे सगळं त्या पातळ थरांत उतरतं. एकाच नावाच्या दोन बॅटींत पाच-सात ग्रॅमचा फरक सर्रास असतो. त्यात माझ्या जुन्या लाकडाने तीस-पस्तीस वर्षांत हाताचा घाम प्यायला होता आणि उन्हाळ्यांनी तो वाळवला होता. ते नव्या वस्तूत कुठून येणार?

शेवटी मी नारायणगाव गाठलं. तमाशाच्या या पंढरीत माझे एक ढोलकीवाले स्नेही आहेत. टेबल टेनिसशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पण लाकडाचा आवाज ज्याला कळतो, असा माणूस मला हवा होता. माझ्या पुतणीने दिवाळीत आमच्या खेळाचा एक व्हिडिओ मोबाइलवर काढला होता, तो मी त्यांना ऐकवला. ऐकवला असंच म्हणतो, कारण त्यांनी तो पाहिलाच नाही. मोबाइल कानाला लावून, डोळे मिटून तीनदा ऐकला.

‘‘मास्तर, असा आवाज मिळेल का?’’ मी विचारलं.

‘‘भाई, ढोलकीचं खोड फुटलं तर त्याच झाडाचं दुसरं खोड आणणार कुठून? झाड तर गेलं. मग काय करायचं, खोड जवळपासचं बघायचं आणि उरलेलं पुडीने भरून काढायचं. तुमच्या बॅटला पुडी असते ना?’’

पुडी म्हणजे रबर. बॅट विकणारे आणि खेळणारे पुष्कळ लोक मला भेटले होते, पण इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. लाकूड थोडं ताठ असलं तर स्पंज मऊ घ्यावा. लाकूड मऊ पडलं तर स्पंज जरा कडक, पातळ घ्यावा. आपण सगळं एकट्या लाकडाकडून मागतो, तिथे गाडं अडतं.

मास्तरांना घेऊन मी पुण्याच्या एका दुकानात गेलो. आम्ही नऊ प्लाय काढायला लावल्या. मास्तर प्रत्येकीची मूठ दोन बोटांत सैल धरायचे, कानाजवळ न्यायचे आणि फळीवर नखाने टिचकी मारायचे. दुकानदार पोरगा आधी हसला, मग गप्प झाला, मग स्वतः टिचक्या मारू लागला. यात जादू काही नाही. ताठ फळी उंच सुरात बोलते, मऊ आणि जड फळी खालच्या सुरात. परदेशातले काही हौशी लोक हेच काम मोबाइलमध्ये कंपनसंख्या मोजून करतात. मास्तरांनी तिघी बाजूला काढल्या आणि त्यांतली एक माझ्या हातात दिली. भलत्याच बनावटीची, नाव मी कधी ऐकलेलं नाही. पाच थर, वजन ८५ ग्रॅम. मी तीच घेतली.

आता सगळं जुळलं, असं समजून मी गुरुवारी घोडेगावला गेलो. माझ्या हाताला ती खरंच जुन्या बॅटसारखी लागली. सरांना मात्र पुरती पटली नाही. ‘‘जवळ आलास,’’ म्हणाले, ‘‘पण अजून पुसट आहे.’’

पुसट का, हे त्या रात्री परतताना माझ्या लक्षात आलं. सरांच्या कानात जो आवाज होता, तो नुसत्या माझ्या बॅटचा नव्हताच. तो त्या काळच्या चेंडूचाही होता. चेंडू आधी ३८ मिलिमीटरचा, सेल्युलॉइडचा होता. ऑक्टोबर २०००पासून तो ४० मिलिमीटरचा झाला. २००८मध्ये रबराखालचं जुनं, वासाचं, उडून जाणारं सोल्युशन बंद झालं. त्या सोल्युशनने स्पंज फुगत असे आणि चेंडू बॅटवरून सुटताना असा काही कडकडे, की शेजारच्या खोलीतून ओळखू यावा. २०१४मध्ये सेल्युलॉइडही गेलं आणि प्लास्टिकचा चेंडू आला. जगातले किती तरी खेळाडू आपली जुनी प्लाय जिवापाड जपून होते. प्लाय होती तशीच राहिली, पण आजूबाजूचं सगळं बदललं आणि त्यांचा ‘फील’ गेला तो गेलाच. आम्ही दोघं घोडेगावात उरलेसुरले सेल्युलॉइडचे चेंडू पुरवून पुरवून वापरत होतो. तेही संपत आले होते, आणि हल्ली बहुतेक वेळा प्लास्टिकचाच चेंडू टेबलावर असे.

पुढच्या गुरुवारी मी सरांना हे सगळं सांगितलं. मुंबई, सातो, राइझमन, स्पंज. सर भूमितीचे शिक्षक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एका ओळीत सिद्धता मांडली. ‘‘आवाज स्पंजने खाल्ला ना? मग काढून टाक की स्पंज.’’

नियमात ते बसतं. पुटकुळ्यांचं, स्पंजविरहित रबर १९५९च्या तडजोडीत शाबूत ठेवलं होतं आणि ते आजही विकत मिळतं. मार्टी राइझमन तर हयातभर त्याच बॅटचा कैवार घेत राहिला. १९९७मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्याने अमेरिकेची जुन्या पद्धतीच्या बॅटची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. मी तसली दोन रबरं मागवली आणि मास्तरांनी निवडलेल्या प्लायवर लावली. पहिलाच चेंडू असा खणखणीत वाजला, की स्वयंपाकघरातून सरांच्या घरच्या मंडळी डोकावल्या. सर जागचे हलले ते बरोबर चेंडूच्या दिशेने.

सरांनी स्वतःच्या बॅटवर स्पंज कायम ठेवला आहे, कारण माझे कान आणि डोळे दोन्ही ठीक आहेत, असं त्यांचं म्हणणं. माझा टॉपस्पिन मात्र गेला. पुटकुळ्यांच्या रबरावर चेंडू तसा फिरत नाही. त्यामुळे हल्ली दर गुरुवारी मी ११-७, ११-८ असा हरतो आणि साडेसातची एसटी पकडतो.